सोळाव्या दिवसानंतर

झाशीत दवाखाने कमी आहेत असे वरवर पाहणाऱ्याला वाटणार नाही. १९६८ साली सुरू झालेले महाराणी लक्ष्मीबाई वैद्यकीय महाविद्यालय आहे, जिल्हा रुग्णालय आहे, स्त्रियांसाठी वेगळे जिल्हा रुग्णालय आहे, रेल्वेचे आहे, छावणीत लष्कराचे आहे आणि खैलारला भेलच्या कारखान्याचेही आहे. २०११ च्या जनगणनेत शहराची वस्ती पाच लाखांच्या थोडी वर आणि जिल्ह्याची वीस लाखांना टेकलेली होती. बुंदेलखंडासारख्या कोरड्या मुलखात एवढ्या खाटा एका शहरात असणे ही लहान गोष्ट नव्हे. पण या दवाखान्यांचे मालक वेगवेगळे. वैद्यकीय महाविद्यालय उत्तर प्रदेशच्या वैद्यकीय शिक्षण खात्याचे, दोन्ही जिल्हा रुग्णालये आरोग्य खात्याची, बाकीचे रेल्वे, संरक्षण आणि अवजड उद्योग अशा केंद्राच्या तीन मंत्रालयांचे. दवाखान्याबाहेर पडले की वाटण्या आणखी वाढतात. वृद्धांचे निवृत्तिवेतन समाजकल्याण खाते देते, विधवांचे महिला कल्याण खाते आणि अपंगांचे दिव्यांगजन सशक्तीकरण खाते. अंगणवाडी बालविकास व पुष्टाहार खात्याकडे, रेशन अन्न व रसद खात्याकडे. महाराष्ट्रातल्या वाचकाने हसू नये. आपल्याकडेही श्रावणबाळ आणि संजय गांधी निराधार योजनांचे अर्ज तहसीलात, अंगणवाडी महिला व बालविकासात आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेत असते. आजारी माणूस तेवढा सगळीकडे एकच असतो.

या वाटण्यांचा परिणाम समजायचा तर मराठी नाव अजून टिकवून असलेल्या खंडेराव दरवाजाच्या आतल्या गल्लीत राहणारी बहात्तर वर्षांची एक विधवा डोळ्यांसमोर आणावी. बाई कल्पनेतली आहे, तिच्याभोवतीचे नियम मात्र खरे आहेत. मुलगा सुरतेला कामाला. बाई मोरीत घसरते आणि खुब्याचे हाड मोडते. इथपर्यंत सरकार तिच्या पाठीशी भक्कम उभे आहे. १०८ ला फोन लावला की रुग्णवाहिका येते. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेतून वर्षाला पाच लाखांपर्यंतचा रुग्णालयाचा खर्च मिळतो. शस्त्रक्रिया होते. योजना रुग्णालयातून सोडल्यानंतरचा पंधरा दिवसांचा खर्चही उचलते. सोळाव्या दिवशी मात्र बाई पूर्णपणे घरच्यांची होते, आणि घरी कोणी नाही. खुबा बसायला महिने लागतात. तिला उठवून बसवणारे कोणी हवे, व्यायाम करवून घेणारे हवे, चाकांची खुर्ची किंवा चालण्याचा आधार हवा, दोन वेळचे गरम जेवण हवे, कोटेदाराच्या दुकानातल्या यंत्रावर अंगठा लावून रेशन आणणारे हवे. यातल्या बहुतेक गोष्टींसाठी सरकारी योजना आहे. उपकरणांसाठी २०१७ पासून राष्ट्रीय वयोश्री योजना आहे, निवृत्तिवेतन आहे, वृद्धांसाठी १४५६७ हा मदतीचा क्रमांकही आहे. पण उपकरणे वाटण्याचे शिबिर कधी हे कळले पाहिजे, निवृत्तिवेतनासाठी शहरात वर्षाला ५६ हजार ४६० रुपयांच्या आत उत्पन्न असल्याचा दाखला लेखपालाच्या, म्हणजे आपल्या तलाठ्याच्या, अहवालावर तहसीलातून आणला पाहिजे, बँकेचे खाते आधारला जोडलेले पाहिजे. मोडक्या खुब्याची बाई यातले काय काय करणार? तिसऱ्या महिन्यात पाठीला जखमा होऊन किंवा छातीत कफ साठून ती गेली, तर रुग्णालयाच्या नोंदीत शस्त्रक्रिया यशस्वीच राहते.

तेव्हा आरोग्यसेवा आणि सामाजिक आधार जोडायला हवेत, याबद्दल कागदावर कोणाचे दुमत नाही. वाद आहे तो कसे जोडायचे याचा, आणि इथे सरकारी उत्तर ठरलेले असते: एक संकेतस्थळ, एक समन्वय समिती, एक नवा क्रमांक. उत्तर प्रदेशात तिन्ही निवृत्तिवेतनांचे संकेतस्थळ खरोखरच एकत्र आहे आणि त्याच्या नावातही एकीकरण आहे. खाती तीनच राहिली. क्रमांकांचे म्हणाल तर रुग्णवाहिकेचा १०८, गरोदर बाया आणि तान्ह्यांच्या रुग्णवाहिकेचा १०२, वृद्धांचा १४५६७, मानसिक आरोग्याचा १४४१६, स्त्रियांचा १८१ आणि मुलांचा १०९८. आपली अडचण वृद्धपणाची, मनाची की बाईपणाची हे संकटात सापडलेल्या माणसाने आधी ठरवायचे आणि मग फोन करायचा. माझे म्हणणे असे की वरची खाती एक होण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही. ती होणार नाहीत, आणि झाली तरी गल्लीत फारसा फरक पडणार नाही. जोड तळाशी, गावात आणि वॉर्डात द्यावी लागते, आणि ती माणसानेच द्यावी लागते. नाव ठाऊक असलेल्या, पगार मिळणाऱ्या, हाती थोडा पैसा असलेल्या आणि वरच्या कार्यालयाला जाब विचारण्याचा अधिकार असलेल्या एका माणसाने.

आधार हा उपचाराचाच भाग असतो याचा सर्वांत कडक पुरावा क्षयरोगाने दिला आहे. झारखंडच्या चार जिल्ह्यांत २०१९ ते २०२२ या काळात डॉ. अनुराग आणि डॉ. माधवी भार्गव यांच्या गटाने क्षयरुग्णांच्या घरी दरमहा धान्य, डाळ, दूध पावडर आणि तेल पोहोचवले. काही घरांत हा शिधा फक्त रुग्णापुरता होता, काही घरांत सगळ्या कुटुंबासाठी. दहा हजारांहून अधिक घरच्या माणसांवर लक्ष ठेवल्यावर दिसले की जिथे सगळे घर जेवले तिथे घरातल्या इतरांना क्षय होण्याचे प्रमाण सुमारे चाळीस टक्क्यांनी कमी झाले. एखाद्या लसीने हे केले असते तर देशभर पेढे वाटले गेले असते. डाळ-तांदळाचे म्हणून बातमी आतल्या पानावर गेली. सरकारलाही हे पटलेले आहे. एप्रिल २०१८ पासून निक्षय पोषण योजनेत उपचार चालू असेपर्यंत रुग्णाच्या खात्यात महिन्याला पाचशे रुपये येत, आणि नोव्हेंबर २०२४ पासून ते हजार झाले. पण झाशीच्या दगडखाणींत, गिट्टीच्या क्रशरवर राबणाऱ्या किंवा पावसाळा संपताच दिल्ली-गुजरातची गाडी पकडणाऱ्या मजुराच्या बाबतीत पैसा, औषध आणि धान्य या तीन वाटा तीन दिशांना जातात. गोळ्यांची नोंद क्षयरोग विभागाकडे, रेशनकार्ड कोटेदाराकडे आणि माणूस परगावी. तो निघाला आहे हे सर्वांत आधी कळते ते शेजारणीला आणि गावच्या आशा सेविकेला. त्यांना कळलेली गोष्ट पुढच्या शहरातल्या केंद्राला त्याच आठवड्यात कळवणे हे कोणाचेच नेमून दिलेले काम नाही.

दुसरा पुरावा झाशीच्याच एका जखमेशी बांधलेला आहे. १५ नोव्हेंबर २०२४ च्या रात्री वैद्यकीय महाविद्यालयाच्या नवजात अतिदक्षता कक्षाला आग लागली. त्या रात्री दहा बाळे गेली, पुढच्या दिवसांत आणखी काही. आगीचे कारण विजेचे होते आणि त्याची उत्तरे अभियंत्यांनी आणि प्रशासनाने द्यायची आहेत. तो दोष समन्वयाच्या अभावावर ढकलणे लबाडीचे ठरेल. मात्र कक्षात क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त बाळे होती, ही गोष्ट वेगळा प्रश्न विचारते. एवढी तान्ही बाळे एका खोलीत का येऊन पोहोचतात? कारण झाशी, ललितपूरपासून मध्य प्रदेशातल्या निवाडी, टीकमगढपर्यंतच्या टापूत बाळ काळेनिळे पडले की जाण्याची मोठी जागा बहुधा एकच. त्यातली किती बाळे घरीच, दोन दिवस आधी, सावरली असती? याचे उत्तर मराठी मुलखाने जगाला दिलेले आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या सर्च संस्थेने ३९ गावांत गावच्याच बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली: वजन करणे, ऊब देणे, श्वास मोजणे, जंतुसंसर्ग ओळखणे, प्रतिजैविक देणे. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले तेव्हा त्या गावांतले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. पुढे केंद्राने याच धर्तीवर देशभरच्या आशांना घरभेटींचे काम दिले. बाळंतपण रुग्णालयात झाले असेल तर तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा. म्हणजे उत्तर प्रदेशातली 'आशा बहू' आज कागदोपत्री गडचिरोलीचेच काम करते. फरक असा की गडचिरोलीच्या बाईमागे शिकवणारे, तपासणारे आणि बोलावल्यावर येणारे लोक होते. आशामागे बऱ्याचदा फक्त नोंदवही असते.

जामखेडचा अनुभव बुंदेलखंडाला याहून जवळचा, कारण तिथेही पाऊस दगा देणारा आणि जात पक्की. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे तिथे आले आणि लगेचच दुष्काळाने त्यांना दवाखान्याबाहेर काढले. लोकांना आधी पाणी आणि अन्न हवे होते. म्हणून विहिरी-कूपनलिका, मुलांसाठी सामुदायिक स्वयंपाक, शेतकरी मंडळे, मग महिला मंडळे, आणि या सगळ्यांच्या बरोबरीने आरोग्य, असा तो क्रम होता. गावोगावच्या आरोग्य सेविकांत दलित आणि निरक्षर बायका मोठ्या संख्येने होत्या. त्यांनी बाळंतपणे केली, तशीच पाणवठ्यावरची अस्पृश्यताही मोडायला घेतली. आज जोडसेवांवर जे अहवाल लिहिले जातात त्यातली बहुतेक तत्त्वे जामखेडने कोणत्याही अहवालाशिवाय राबवली, आणि १९७८ साली अल्मा आटाच्या जागतिक परिषदेने प्राथमिक आरोग्याची घोषणा केली तेव्हा हे काम आठ वर्षे जुने होते. बुंदेलखंडातही अशा बायका नाहीत असे नाही. झाशी, ललितपूर आणि टीकमगढच्या पट्ट्यात 'जल सहेली' म्हणून संघटित झालेल्या बायकांनी तलाव उपसले, बंधारे घातले, अधिकाऱ्यांपुढे अर्ज ठेवले. पाण्यासाठी हे करू शकणाऱ्या बायका अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीच्या पेन्शनसाठी तहसीलात उभ्या राहू शकणार नाहीत असे मानायला काही कारण नाही.

यावर पहिला आणि सर्वांत रास्त आक्षेप आशाच घेईल. आरोग्य खात्याला काही नवे सुचले की ते तिच्याच पिशवीत पडते: लसीकरण, नसबंदी, क्षय, कुष्ठ, डेंग्यू, सर्वेक्षणे, वर आता मोबाइलवरची नोंदणी. ती कर्मचारी नाही, मानधन आणि कामानुसार मोबदला घेणारी स्वयंसेविका आहे; बाळाच्या सगळ्या घरभेटी पूर्ण झाल्यावर तिला अडीचशे रुपये ठरलेले आहेत. तिच्यावर वृद्धांची काळजीही टाकणे म्हणजे जोडसेवेच्या नावाखाली गरीब बाईचे फुकट श्रम वाढवणे. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, आणि म्हणूनच जोडणारा माणूस आशा असू नये असे वाटते. उत्तर प्रदेशच्या ग्रामपंचायतीत आज अर्धीमुर्धी माणसे विखरून उभी आहेत. २०२१ पासून ग्राम सचिवालयात पंचायत सहायक नेमला गेला आहे, त्याला संगणक आणि दाखले कळतात. आयुष्मान आरोग्य मंदिरात सामुदायिक आरोग्य अधिकारी आहे, त्याला आजार कळतो. बीसी सखी घरी येऊन अंगठ्यावर बँकेचे पैसे देते. आशाला घरे ठाऊक आहेत, अंगणवाडी सेविकेला मुले. या पाच जणांनी महिन्यातून एकदा एका टेबलाशी बसावे, गावातल्या अडलेल्या माणसांची यादी समोर असावी, आणि प्रत्येक नावापुढे कोण काय करणार हे लिहिले जावे. बैठक बोलावण्याची आणि पुढच्या महिन्यात झाले की नाही हे विचारण्याची जबाबदारी एका पगारी समन्वयकाची. गावची आरोग्य, स्वच्छता व पोषण समिती आजही अस्तित्वात आहे आणि तिला वर्षाला दहा हजार रुपयांपर्यंत मुक्त निधीही ठरलेला आहे. दहा हजारांत फार काही होत नाही, पण तपासणीला जायचे रिक्षाभाडे, चार दिवसांचे दूध आणि एक कमोडची खुर्ची होते. अडणारी कामे पुष्कळदा एवढ्याचीच असतात.

दुसरा आक्षेप कारभाऱ्यांचा. प्रत्येक खात्याचा पैसा वेगळ्या शीर्षाखाली येतो, त्याचा हिशेब लेखापरीक्षक मागतो. सगळ्यांचे काम एकत्र केले की जबाबदारी कोणाचीच राहत नाही. यात तथ्य आहे. पण आपल्या राज्यघटनेने तळाशी हे विषय एकत्रच ठेवले आहेत. ७३ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या अकराव्या अनुसूचीत आरोग्य, कुटुंबकल्याण, स्त्री व बालविकास आणि अपंगांसह समाजकल्याण हे विषय ओळीने एकाखाली एक येतात आणि ते पंचायतींकडे सोपवता येतात. केरळने ते खरोखर सोपवले. कोझिकोडला १९९३ मध्ये वेदनाशमनाचे काम सुरू झाले, पुढे शेजारच्या लोकांना शिकवून अंथरुणावरच्या रुग्णांच्या घरी पाठवण्याची पद्धत रुजली, आणि २००८ च्या राज्य धोरणानंतर पंचायतींनी आपल्या निधीतून परिचारिका नेमून घरभेटी चालवल्या. लेखापरीक्षण तिथेही होते. केरळची पंचायत आणि झाशीची पंचायत एक नव्हे, हे खरे. जिथे ग्रामप्रधानाचा गट ठरवेल त्यालाच घरकुल मिळते, तिथे काळजीच्या यादीतही दलित वस्ती शेवटी राहण्याचा धोका मोठा आहे. त्याला मला सुचणारा उपाय जामखेडचाच: समन्वयक आणि समितीतल्या निम्म्या बाया त्याच वस्त्यांतून घ्याव्यात, आणि यादी पंचायतीच्या खुल्या बैठकीत तपासावी, नावापुढचा आजार न सांगता.

आजार न सांगण्याचा मुद्दा गौण नाही. क्षय, एचआयव्ही, मानसिक आजार, घरातली मारहाण यांची माहिती पाच जणांत गेली की पन्नासांत जाते, आणि मग सुनेला माहेरी धाडले जाते. २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा चांगला असला तरी गल्लीत तो कोणी वाचत नाही. म्हणून जोडायची ती माणसाची गरज, निदान नव्हे. समन्वयकाला एवढेच कळावे की या घरी महिनाभर जेवण हवे आणि मंगळवारी तपासणीला नेणारे कोणी हवे. का, ते डॉक्टरकडे राहू दे.

एका गोष्टीचे आश्वासन मात्र कोणी देऊ नये: की यातून पैसा वाचेल. इंग्लंडने ते देऊन पाहिले. तिथल्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने फेब्रुवारी २०१७ मध्ये स्पष्ट म्हटले की आरोग्य आणि सामाजिक सेवा एकत्र केल्याने टिकाऊ बचत होते किंवा रुग्णालयात दाखल होणाऱ्यांची संख्या कमी होते याचा पुरावा मिळालेला नाही. त्याच देशातल्या टॉर्बे या किनाऱ्यावरच्या भागाचा अनुभव मात्र उपयोगाचा आहे. तिथे २००५ साली दोन्ही सेवा एका संस्थेखाली आणताना अधिकाऱ्यांनी एक काल्पनिक वृद्ध बाई, मिसेस स्मिथ, समोर ठेवली आणि प्रत्येक निर्णयाला विचारले की याने हिचे काय होईल. त्यातून जे पद सर्वांत कामाचे ठरले ते डॉक्टरचे नव्हते, परिचारिकेचेही नव्हते. फोन उचलणारी, घर ओळखणारी, कोणाला कधी पाठवायचे ते ठरवणारी समन्वयक, जिला वैद्यकीय पदवीची गरज नव्हती. बचत झाली नाही तरी म्हातारी माणसे स्वतःच्या घरात जास्त दिवस राहिली, तर तो खर्च वाया गेला असे कोण म्हणेल?

उरतो तो आपल्याकडचा जुना आक्षेप: म्हाताऱ्यांची सेवा घरच्यांनी करायची, सरकारने कशाला घरात शिरायचे? बुंदेलखंडात तरी हे बोलणे वस्तुस्थितीला धरून नाही. ज्या गावांतून कामाच्या वयाची माणसे वर्षातले कित्येक महिने बाहेर असतात, तिथे घर म्हणजे बहुधा म्हातारे, मुले आणि एखादी सून. तिनेच पाणी भरायचे, रोजगार करायचा आणि सासूला उठवायचे. सेवा घरची म्हणताना आपण तिची मोजदाद करत नाही. मे महिन्यात झाशीचा पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा पत्र्याच्या खोलीत एकटी असलेली म्हातारी कोणत्या खात्याची, हे ठरेपर्यंत दुपार उलटून गेलेली असते.

शहरात हे काम गावापेक्षा अवघड जाईल. पंचायतीसारखे टेबल तिथे नाही, पन्नास हजार लोकांमागे एक नागरी आरोग्य केंद्र धरलेले आहे आणि भाडेकरू दर वर्षी गल्ली बदलतो. तरी सुरुवात करायला एक नेमकी जागा आहे: वैद्यकीय महाविद्यालयातून रुग्णाला सोडण्याची खिडकी. साठीपुढचा रुग्ण, अस्थिभंग, पक्षाघात, क्षय किंवा कमी वजनाचे बाळ, यांपैकी कोणाला घरी सोडताना तो कागद त्याच्या हातात देतानाच एक प्रत वॉर्डाच्या किंवा गावच्या समन्वयकाकडे त्याच दिवशी गेली पाहिजे, आणि आठवड्याच्या आत कोणीतरी घरी जाऊन आले की नाही हे महाविद्यालयाला परत कळले पाहिजे. यासाठी नवा कायदा लागत नाही. लागतो तो जिल्हाधिकाऱ्याचा आदेश, काही पगारी पदे, आणि एक करार जो कदाचित सर्वांत कठीण ठरेल, कारण त्या खिडकीतून बाहेर पडणाऱ्यांतले बरेच जण ओरछा, निवाडी, दतियाच्या वाटेला लागतात आणि झाशीचा आदेश मध्य प्रदेशच्या हद्दीवर संपतो.